निळ्या पातेल्याशेजारची हंडी

मी एक जुनी, जाड बुडाची तांब्याची हंडी आहे, आणि दुसऱ्या भांड्याचे कौतुक मला सहन होत नाही. मित्रांनो, भांड्याने असे बोलू नये हे मला कळते. पण ही एक गोष्ट वगळून माझी हकिकत सांगताच येणार नाही.

झारच्या राज्यात, मिन्स्कच्या पलीकडच्या एका लहान गावात माझा जन्म झाला. तांबटाने एकाच पत्र्यातून मला ठोकून काढले. ठोकताना तांबे कडक होत जाते, म्हणून तो मला मधूनमधून भट्टीत लाल करी आणि पाण्यात बुडवी. मग मी मऊ पडे आणि तो पुन्हा हातोडी उचली. शेवटी आतून कल्हईचा रुपेरी थर चढला आणि त्सिरल नावाच्या बाईने मला घरी नेले. पुढे तिची लेक सोशा हिचे लग्न झाले, तेव्हा तिने मला सोशाच्या हाती दिले.

आमच्या ज्यू लोकांत शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी दुपारीच सोशा माझ्यात जव, घेवडा, बटाटे, कांदा आणि मांसाचा तुकडा भरी. मांस मऊ पडावे म्हणून थोडा शिरका आणि वरून भरपूर मिरे. झाकणाच्या कडेने कणकेची पट्टी लावून वाफ कोंडली, की मला पाववाल्याच्या भट्टीत ठेवून येत. रात्रभर मंद आचेवर शिजून शनिवारी दुपारी जे निघे, त्याला चोलंट म्हणतात. झाकण उघडले की तो वास जिन्यापर्यंत जाई. त्या दिवसांत मला मत्सर ठाऊक नव्हता, कारण आमच्या घरात मांसाचे दुसरे भांडेच नव्हते.

मग सोशाचा नवरा फायवल कामासाठी अमेरिकेला गेला. तीन वर्षांनी त्याने बोटीची तिकिटे पाठवली. सोशाने पिसांच्या उशा, मेणबत्त्यांची दोन पितळी घरे आणि मला बरोबर घेतले. माझ्यात तिने लहानग्या मिन्नाचे लोकरी मोजे कोंबले होते. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर फायवल घ्यायला आला, तेव्हा त्याची दाढी नव्हती. मिन्ना त्याला बघून आईच्या मागे लपली. सोशाने मात्र मला त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "धरा. तुमचं शनिवारचं जेवण आणलंय."

चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. फायवल कोटांच्या कारखान्यात इस्त्रीचे काम करी. पहिल्याच शुक्रवारी मिन्नाचे बोट धरून सोशा मला कोपऱ्यावरच्या तळघरात, झेलिक पाववाल्याकडे घेऊन गेली. झेलिकने मला लांब दांड्याच्या फळीवर चढवून भट्टीत सरकवले, आणि माझ्या अंगाला अंग लावून बसलेले ते मला दिसले.

निळे पातेले. एनॅमलचे. गडद निळ्या अंगावर पांढरे ठिपके, काळी कड, दोन बाजूंना दोन कान. त्याला कुणी ठोकले नव्हते. एका दाबात पत्र्याचा आकार झाला होता आणि वर काचेचा लेप भाजला होता. ते इतके हलके होते, की झेलिकने ते एका हाताने उचलले. मला उचलताना तो नुकताच कण्हला होता.

"हे कुणाचं हो?" सोशाने विचारले.

"ओळखत नाही? ब्रुखाबाईचं! तुमचा फायवल तीन वर्षं दर शनिवारी हेच तर न्यायला यायचा. आला की म्हणायचा, झेलिक, माझं निळं आण."

"माझं," सोशा म्हणाली. बस, एवढेच. पण मला तेवढे पुरले.

ब्रुखा ही पलीकडच्या गल्लीतली विधवा. तळमजल्यावरच्या तिच्या घरात फायवल तीन वर्षे भाड्याने राहिला आणि जेवला होता. ती ऑस्ट्रियाच्या मुलखातली, गॅलिशियाकडची. तिकडची माणसे मासळीत साखर घालतात, चोलंटमध्येही साखर घालतात. आमच्या बाजूला मिरे. यावरून ठरलेली लग्ने मोडलेली मी ऐकली आहेत.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी त्या निळ्याशेजारी रात्र काढणे माझ्या नशिबी आले. मित्रांनो, भट्टीत काही करता येत नाही, फक्त शेजारी बघता येते. त्याची कड चमके. त्याचे झाकण घट्ट बसे. मुले त्याच्याकडे बोट दाखवत. मला कुणी विचारत नसे. सकाळी झेलिक कापडाने सगळ्या भांड्यांवरची राख झटकी, आणि त्याच्या अंगावरून कापड जरा जास्तच वेळ फिरते असे मला वाटे. ते कधीतरी आपटावे आणि त्याचा टवका उडावा, एवढीच माझी इच्छा होती.

आमच्या घरी निराळेच चालले होते.

"कसं झालंय?" शनिवारी सोशा विचारी.

"चांगलंय." फायवल चमचा खाली ठेवी. "पण काहीतरी वेगळं लागतंय."

"वेगळं म्हणजे?"

"मला सांगता येत नाही. जिभेच्या मागे काहीतरी राहतं."

"राहणारच. तीन वर्षांची साखर राहिलीय तिथे!"

"साखरेचं कुठे काढतेस? ब्रुखाबाईंकडे असं लागायचं नाही, एवढंच म्हणतोय मी."

एवढेच म्हणायला नको होते. भांडी घासताना सोशाने मला असे आपटले, की माझ्या कानात दुसऱ्या दिवसापर्यंत घुमत होते. मिन्नाचेही पोट बिघडू लागले. शनिवारी संध्याकाळी ती हमखास ओकायची. सोशा म्हणे, रस्त्यावरची मिठाई खाते म्हणून. मिन्ना म्हणे, "नाही गं आई, ब्रुखामावशीने दिलेला केकसुद्धा मी खाल्ला नाही."

"मावशी कुठली? कोणाच्या नात्याने मावशी?"

आमच्या गावी दर वर्षी वल्हांडणाच्या सणाआधी कल्हईवाला दारात येई. पहिला वल्हांडण बोटीच्या गडबडीत गेला. दुसऱ्या वेळी सोशाला कल्हईची आठवण झाली, पण इथे कल्हईवाला कुठे बसतो हे तिला ठाऊक नव्हते. झेलिक म्हणाला, "ब्रुखाबाईला विचारा, तिला सगळं शहर पाठ आहे." सोशाने विचारले नाही. मला आनंदच झाला. त्या निळ्याच्या मालकिणीचे उपकार आम्हाला कशाला हवेत?

एका गुरुवारी फायवलने पुन्हा तेच म्हटले. या वेळी सोशा ओरडली नाही. "निळ्यातलंच हवं ना तुम्हाला? बरं. निळ्यात घालीन." तिने खिडकीतून खाली हाक मारली, मोडवाल्याला. तो जिना चढून आला, मला उचलून बघितले आणि म्हणाला, "तांबं चांगलं आहे. वितळवायला जाईल. रविवारी येतो, मोजून घेतो."

"या," सोशा म्हणाली. "तिच्या बदल्यात निळं पातेलं येईल ना?"

"येईल की. झाकणासकट."

मित्रांनो, मला वितळण्याची भीती नव्हती. लाल होऊन पाण्यात बुडणे मी लहानपणीच सोसले आहे. पण माझ्या तांब्याच्या बदल्यात एक निळे पातेले यावे! माझ्या आचेवर ते बसावे, माझ्या कोपऱ्यात ते ठेवावे! शुक्रवारी मला शेवटचे भरले, तेव्हा माझे लक्ष घेवड्यावर नव्हते.

शनिवारी मिन्नाला ताप होता. एरवी मला आणायला सोशा जाई, पण आज ती मिन्नापाशी बसली होती. त्या दिवशी फायवल प्रार्थनेहून परस्पर झेलिकच्या तळघरात उतरला. त्याच्या कारखान्यात त्या आठवड्यात काही जणांना घरी बसवले होते. पायऱ्या उतरतानाही तो कुणाशी तेच बोलत होता. बोलता बोलता तो भट्टीसमोरच्या फळीपाशी आला. झेलिकने नुकतेच आम्हा दोघांना बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले होते.

फायवलने हात पुढे केला. तो हात माझ्या झाकणावरून गेला. ऊबसुद्धा लागली मला त्याची. आणि मग त्या हाताने निळ्या पातेल्याचे दोन कान धरले. झेलिकही दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. फायवल निळे पातेले फडक्यात गुंडाळून, अजून बोलतच, पायऱ्या चढून गेला.

पुढे त्या घरात काय झाले, ते मिन्नाने मोठेपणी इतक्यांदा सांगितले आहे, की मी तिथे असल्यासारखे मला दिसते. फायवलने फडके सोडले. सोशाने टेबलाकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले.

"हे काय आणलंत?"

"चोलंट." मग त्याने स्वतःच पाहिले. "अरे देवा. सोशा... सवयीने. शपथ घेतो, सवयीने हात गेला."

"हो ना. सवयच सांगतेय मी केव्हापासून."

"परत नेतो."

"बसा! सगळ्या गल्लीला कळू दे का, की फायवलचे पाय आपोआप कुठे जातात? कुणीही चमचा लावायचा नाही. पाव आहे, खारवलेला मासा आहे. खा."

इकडे तळघरात दुपारी उशिरा काठी टेकत ब्रुखा आली. तिचा गुडघा दुखरा होता. झेलिकने इकडेतिकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"निळं तर फायवल घेऊन गेला! मला वाटलं तुम्हीच पाठवलंत. आता ही एकच उरलीय."

"मी पाठवलं? त्याची बायको माझ्या झिंज्या उपटेल! हिला घेऊन चौथ्या मजल्यावर जाऊ म्हणतोस, या गुडघ्याने? आणि गेले तरी ती दार उघडायची नाही. चल, माझ्या घरी पोचव. उपाशी तर राहता येत नाही."

अशी मी झेलिकच्या हातून शत्रूच्या घरी गेले. मी सगळीकडे बघून घेतले. निळ्या पातेल्याची जागा चुलीशेजारी, खिडकीच्या उजेडात. लख्ख घासलेली फळी. माझ्यापेक्षा बरा संसार होता त्याचा. ब्रुखाने मला टेबलावर ठेवले, पण लगेच उघडले नाही. तिने दोन्ही तळवे माझ्या पोटावर ठेवले आणि हातोडीचे बारीक ठोके बोटांनी चाचपत राहिली. "एकसंध आहे," ती पुटपुटली. "सांधा नाही कुठे." इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

मग तिने कणकेची पट्टी फोडली, ताटलीत वाढून घेतले आणि एक घास तोंडात घातला. तिचा चेहरा आक्रसला. दुसरा घास तिने घेतला नाही. डावाने तिने माझ्या तळातले बाजूला सारले, वाकून आत पाहिले आणि म्हणाली, "अरेरे."

आकाशात चांदण्या दिसल्या न दिसल्या तोच दार वाजले. सोशा. काखेत निळे पातेले.

"हे तुमचं. आमच्या घरी कुणी चमचासुद्धा लावलेला नाही."

ब्रुखाने झाकण उचलले. "कुणी नाही? मग हा कोपरा उंदराने खाल्ला?"

सोशा कानापर्यंत लाल झाली. "मी चाखून बघितलं. एकदाच."

"मग?"

"साखर! मांसात साखर! पोरांना औषध पाजताना घालतात तशी."

"बरं बाई. आता माझं ऐक. रागावू नकोस. मी तुझं चाखलं. तुझं चोलंट कळकलंय."

"माझं? मी केलेलं?"

"तू केलेलं नाही, हंडीने केलेलं. तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखं लागतं. अशी दिव्याखाली ये, बघ."

तिने मला तिरके धरले. मित्रांनो, आपले आतले आपल्याला दिसत नाही. माझ्या तळाची सगळी कल्हई गेली होती. रुपेरी थर फक्त गळ्यापाशी उरला होता. खाली उघडे लाल तांबे होते, आणि लाल-रुपेरीच्या सीमेवर हिरवट झाक होती. शिरका, मीठ आणि रात्रभराची आच. तांबे थोडे थोडे करून अन्नात उतरत होते. घरच्यांच्या जिभेला ते हळूहळू बदलत गेलेले नीट कळले नव्हते. फायवलला तेवढे जाणवले होते, पण त्याला शब्द सापडला नव्हता.

सोशाने आत बोट फिरवून पाहिले. मग ती म्हणाली, "मिन्ना."

"काय झालं मिन्नाला?"

"दर शनिवारी ओकते हो ती. मी तिला मारलं. मिठाई खातेस म्हणून मारलं मी तिला."

ब्रुखाने खुर्ची पुढे ओढली. सोशा बसली. डोळ्यांना शालीचे टोक लावून तिने मला हाताने लांब सारले. "उद्या मोडवाला येणारच आहे. जाऊ दे एकदाची."

"मोडीत? हिला?" ब्रुखा म्हणाली. "अगं, कल्हई गेलीय, हंडी नाही गेली. द्यायचीच असेल तर मला दे."

सोशाने मान वर केली. "तुम्हाला?"

"माझ्या आईची अशीच होती. निघताना एकच बोचकं न्यायचं होतं. मी पिसांची रजई उचलली आणि हंडी ठेवून आले. त्या रजईत इथे ढेकूण झाले, ती जाळली. मला दे. मी कल्हई करून घेते, दर शुक्रवारी..."

पुढचे तिला बोलताच आले नाही. सोशाने मला अशी हिसकली, की झाकण जमिनीवर गडगडत गेले.

"नवरा तीन वर्षं तुमच्या टेबलाशी बसला. मुलगी तुम्हाला मावशी म्हणते. आता माझ्या आईची हंडीही तुमच्याच चुलीवर? मोडवाल्याला देईन, पण तुम्हाला नाही! मोडवाल्यालाही नाही देणार!"

तिने मला छातीशी इतके घट्ट धरले होते, की तिच्या काळजाचे ठोके माझ्या पत्र्यात उमटत होते. ती माझ्याच धातूची आहे, हे मला तेव्हा कळले. मित्रांनो, मत्सर वाईट असे मोठी माणसे सांगतात आणि ते खरेच असेल. मी आज तुमच्याशी बोलते आहे, ती मात्र त्या संध्याकाळच्या मत्सरामुळे.

ब्रुखाने वाकून झाकण उचलले. "नवऱ्याचं मला नको सांगूस. तीन वर्षं जेवला, एकदा तोंडातून 'छान' निघालं नाही. दर शनिवारी एकच रड. आमच्या सोशाच्या हंडीतलं चोलंट म्हणजे! मी साखर कमी केली. मिरे घातले. हाडं बदलली. तरी तेच. तुझी ही हंडी मी पाहिली नव्हती, तेव्हापासून तिच्यावर जळतेय."

"ते असं म्हणायचे?"

"तुझ्याकडे काय म्हणतो?"

"ब्रुखाबाईंकडे असं लागायचं नाही."

ब्रुखाने झाकण टेबलावर ठेवले.

"म्हणजे हा माणूस," ब्रुखा सावकाश म्हणाली, "एका टेबलाशी बसतो आणि जीभ दुसऱ्या टेबलावर विसरून येतो."

सोशाने ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून निसटलेच. मी त्या निळ्याकडे पाहिले. तीन वर्षे, दर शनिवारी, त्याने माझे नाव ऐकले होते! त्याच्या लेपाखाली काय काय झाले असेल! इतके सुख मला नवीन कल्हईनेही दिले नाही.

रविवारी मोडवाल्याला सोशाने जिन्यातूनच परत पाठवले. ब्रुखाने तिला मासळीबाजारामागचा कल्हईवाला दाखवला. त्याने मला निखाऱ्यांवर तापवले, आत नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला. मग कथिल वितळून माझ्या पोटात चांदीसारखे पळू लागले आणि त्याने कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवले. पुढच्या शनिवारी मिन्ना दोनदा मागून जेवली आणि संध्याकाळी दोरीवरच्या उड्या मारत होती. सोशाने ब्रुखालाही जेवायला बोलावले होते.

"मिरे जास्त झालेत," ब्रुखा म्हणाली.

"साखर नाही, म्हणून तसं वाटतं तुम्हाला," सोशा म्हणाली आणि तिला आणखी वाढले.

फायवलने दोघींकडे पाहिले आणि त्या दिवशी अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले, "छान झालंय." त्यानंतर तो आयुष्यभर हे वेळेवर सांगत राहिला.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्या वेळची मोठी माणसे गेली. झेलिकची भट्टी थंड झाली, घरोघरी गॅसच्या शेगड्या आल्या, मग हलकी, चकचकीत, न कळकणारी भांडी आली. मी आता मिन्नाच्या घरी आहे, नदीपलीकडच्या मोठ्या घरात, सगळ्यांत वरच्या फळीवर. माझ्यात वाळलेली फुले ठेवली आहेत. पाहुणे आले की मिन्ना माझ्याकडे बोट दाखवून आईची गोष्ट सांगते. बाहेरून मला लख्ख पुसतात. आत कुणी बघत नाही.

ब्रुखा जाताना तिचे निळे पातेले मिन्नाला देऊन गेली. अखेर त्याचे टवके उडाले, तीन ठिकाणी. मी पोटभर बघून घेतले. त्यात काही शिजवता येत नाही, म्हणून मिन्नाने ते शेगडीशेजारी, हाताशी ठेवले आहे, आणि त्यात कांदे भरले आहेत. त्यामुळे सकाळी तिचा हात त्याच्यात जातो. दुपारी जातो. संध्याकाळी जातो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे तांब्या-पितळेचे भांडे वर चढवून ठेवलेले असेल. त्याला खाली काढा. बाहेरून घासण्याआधी आत डोकवा, कल्हई गेली असेल तर करून घ्या, आणि मगच त्यात शिजवा. एखाद्या घासाची चव बदलली, तर कुणाच्या हाताला दोष देऊ नका. भांडे उजेडात धरून बघा. भांड्याला मान दिला नाही तरी चालते. त्याला वापरा.

आणि कधी मिन्नाच्या घरी गेलात, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावे, कांदे माझ्यातही मावतात.